‘धोका दुप्पट’ म्हणजे कितीचा किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या आजारांवरील संशोधनाच्या बातम्या आपले दैनिक नेमाने छापते. त्याबद्दल आधी आभार मानून घेते, कारण पुढे सगळी तक्रारच आहे. या बातम्यांचा साचा ठरून गेला आहे. गरोदरपणी अमुक घेतल्यास बाळाला तमुकचा धोका दुप्पट. तान्हेपणी असे केल्यास पुढे तसे. मथळ्याखाली चार ओळी, एखाद्या विद्यापीठाचे नाव आणि शेजारी पोटावर हात ठेवलेल्या बाईचे छायाचित्र. कितीचे दुप्पट झाले, कोणाची तुलना कोणाशी केली आणि मुळात ही माहिती कोणाला विचारून मिळाली, याचा त्यात पत्ता नसतो.

मी डॉक्टर नाही, संशोधकही नाही. मुलांच्या आरोग्याच्या एका दीर्घ अभ्यासात मी निवृत्त होईपर्यंत मुलाखती घेत होते. संशोधनाच्या उतरंडीतली ही सगळ्यात खालची पायरी. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या परिच्छेदात ‘क्षेत्रीय कर्मचारी’ एवढ्या दोन शब्दांत आम्ही सगळ्याजणी मावतो. पण कोष्टकात छापलेला आकडा कुठून आणि कसा येतो, हे आम्हीच जवळून पाहिलेले असते. म्हणून हे पत्र.

आमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता: गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ताप आला होता का, आणि आला असल्यास कोणते औषध घेतले? आजारी मुलाच्या आईला हा प्रश्न पुरता विचारावाही लागायचा नाही. निदान झाल्या दिवसापासून ते नऊ महिने तिने मनात इतक्या वेळा उलटेपालटे केलेले असत की उत्तर तयारच असे. ती उठून कपाटातली फाइल काढी, फाइलमधून घड्या पडलेली चिठ्ठी काढी. प्रवासाहून आल्यावर कणकण होती, गोळी पांढरी होती, अर्धीच घेतली, उरलेली अर्धी तशीच डबीत राहिली. निरोगी मुलाची आई मात्र मुलाच्या मागे धावता धावता सांगे, “ताप? आला असेल बाई. घेतली असेल एखादी गोळी. नाही म्हणून लिहा.” आणि आम्ही ‘नाही’भोवती गोल करत असू. दोघींनी प्रत्यक्षात एकच गोळी घेतली असणे अगदी शक्य आहे. कोष्टकात मात्र एकीच्या नावापुढे औषध आणि दुसरीच्या नावापुढे शून्य. अशा शंभर जोड्या जमल्या की त्या गोळीचा आणि त्या आजाराचा संबंध ‘आढळून येतो’.

हा दोष संशोधकांना ठाऊक नसतो असे अजिबात नाही. आमचे प्रशिक्षण बहुतांशी त्याच्यावरच होते. दोन्ही घरी प्रश्न त्याच शब्दांत, त्याच स्वरात विचारायचा. विचारल्यावर मनात पाच मोजायचे, मग पुढे जायचे. आजारी मुलाच्या आईला जास्त वेळ द्यायचा नाही आणि निरोगी मुलाच्या आईला घाई करायची नाही. मान डोलवायची नाही. ‘अरेरे’ तर मुळीच नाही. नंतर पर्यवेक्षक ध्वनिफिती ऐकून कान उपटत. एवढे करूनही स्मरणशक्तीतला तो फरक पुरता जात नाही, हे आम्हालाही दिसे आणि त्यांनाही. म्हणून चांगल्या निबंधात तशी कबुली दिलेली असते. बातमीत ती गळते.

मुलाखत संपून मी कागद आवरू लागले की आजारी मुलाची आई हमखास विचारी, “म्हणजे हे माझ्यामुळे झालं का?” त्यावर द्यायचे उत्तर आम्हाला शिकवलेले होते: हा अभ्यास एकेका मुलाविषयी नसतो, शेकडो मुलांविषयी असतो. वाक्य खरे आहे. त्या बाईला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, हेही खरे.

आईला विचारणे हीच मुळात चूक, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ॲलिस स्टुअर्ट यांचे उदाहरण घ्या. १९५० च्या दशकात लहान मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग वाढताना दिसत होता आणि कारण उमगत नव्हते. ऑक्सफर्डच्या या डॉक्टरबाईंनी ठरवले की डॉक्टरांच्या लक्षात न आलेले काहीतरी आयांच्या लक्षात असेल, त्यांनाच विचारू. (या कामाचे हजार पौंड लेडी टाटा स्मारक निधीतून आले होते, हे आपल्या वाचकांना आवडेल.) ठिकठिकाणच्या सार्वजनिक आरोग्य खात्यांच्या मदतीने कर्करोगाने दगावलेल्या आणि निरोगी अशा दोन्ही मुलांच्या आयांना एकच प्रश्नावली विचारली गेली. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढल्याची नोंद दगावलेल्या मुलांच्या आयांमध्ये ठळकपणे जास्त निघाली. १९५६ मध्ये प्राथमिक निष्कर्ष आणि १९५८ मध्ये सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर आक्षेप आला तो हाच, वर मी सांगितला तो: मूल गमावलेल्या आईला एक्स-रे आठवणारच, दुसरीला कशाला आठवेल?

हा आक्षेप खोडायला वादविवाद उपयोगाचा नव्हता. तो खोडला १९६२ मध्ये ब्रायन मॅकमॅहन या साथरोगतज्ज्ञांनी. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मोठ्या प्रसूतिगृहांत जन्मलेल्या सात लाखांहून अधिक मुलांचा त्यांनी अभ्यास केला. कोणत्याही आईला काहीही विचारले नाही. एक्स-रे काढला की नाही, हे बाळंतपणाच्या वेळच्या रुग्णालयीन नोंदवहीत पाहिले. म्हणजे मूल पुढे आजारी पडणार की नाही हे कोणालाच माहीत नसताना लिहिलेल्या नोंदीत. तरीही एक्स-रे झालेल्या गटात कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ४० टक्के जास्त निघाले. आयांची स्मृती या बाबतीत खरी ठरली. पुढे गरोदरपणी पोटाचे एक्स-रे काढण्याची पद्धत मागे पडत गेली. माझ्या लेखी या शास्त्रातला हा सर्वांत सुंदर भाग आहे: एकाने आठवणीवरून शोधले, दुसऱ्याने नोंदीवरून पडताळले. आपल्या बातमीत पहिला अर्धाच भाग येतो, आणि दुसरा यायला सहा वर्षे लागली तर तोवर वार्ताहर दुसऱ्या पानावर गेलेला असतो.

दुसरा अर्धा भाग पहिल्याला नेहमी दुजोरा देतोच असेही नाही. मे १९९९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या संशोधकांचा निबंध आला. दोन वर्षांच्या आतली मुले रात्री दिवा लावून झोपली तर त्यांना पुढे लघुदृष्टीचा (लांबचे धूसर दिसते त्याचा) चष्मा लागण्याचे प्रमाण जास्त असते, असे त्यात दिसले होते. अंधारात झोपलेल्या मुलांत १० टक्के, मंद दिव्यात ३४ टक्के, खोलीतला पूर्ण दिवा लावून झोपलेल्यांत ५५ टक्के. इतकी सरळ चढती भाजणी पाहिल्यावर कोणीही हादरेल. संशोधकांनी स्वतः कार्यकारणभाव सिद्ध झाल्याचे म्हटले नव्हते, पण जगभरच्या वर्तमानपत्रांना तेवढा धीर नव्हता. वर्ष उलटायच्या आत, मार्च २०००मध्ये, त्याच नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांनी लिहिले की आमच्या मुलांमध्ये असा काही संबंध दिसत नाही. त्यातल्या एका गटाने १,२२० मुले तपासली होती. दोन्ही गटांना आणखी एक गोष्ट आढळली: ज्या आईबापांना स्वतःला लघुदृष्टी आहे, ते मुलाच्या खोलीत रात्री दिवा जास्त वेळा लावतात. आणि लघुदृष्टी आईबापांकडून मुलांकडे येते, हे जुनेच ज्ञान. पहिल्या अभ्यासात आईबापांचे चष्मे मोजलेलेच नव्हते.

दिव्याने चष्मा लागतो हे ज्यांनी त्या वेळी वाचले, त्यांच्यातल्या किती जणांनी हा खुलासा वाचला असेल? मला मुलाखतीला गेल्यावर कितीतरी वर्षांनीही आया सांगत, “आम्ही रात्री दिवा लावत नाही, डोळे बिघडतात म्हणे.” अंधारात रडणारे मूल आणि त्याच्याशेजारी अपराधी चेहऱ्याने बसलेली आई. कशासाठी, तर एका अर्धवट बातमीसाठी.

लघुदृष्टीची गोष्ट तिथे संपत नाही, आणि यातला उपयोगी भाग नंतरचा आहे. मुले उघड्यावर, दिवसाच्या उजेडात किती वेळ असतात याच्याशी लघुदृष्टीचा संबंध असल्याचे वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत दिसू लागले. तेवढ्यावर न थांबता चीनमधल्या ग्वांगझू शहरात प्रत्यक्ष प्रयोग केला गेला. बारा शाळा निवडल्या, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडले, आणि एका गटातल्या पहिलीच्या मुलांना शाळेच्या रोजच्या वेळापत्रकात चाळीस मिनिटांचा बाहेरचा तास वाढवून दिला. तीन वर्षांनी नव्याने लघुदृष्टी आलेल्या मुलांचे प्रमाण या गटात ३०.४ टक्के आणि दुसऱ्या गटात ३९.५ टक्के निघाले. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. शंभरामागे नऊ मुले. चमत्कार नाही, पण खरे. आणि त्यात कोणत्याही आईच्या माथी काही मारलेले नाही.

आता ‘दुप्पट’कडे वळते. आईच्या विसाव्या वर्षी डाउन सिंड्रोम (जादा गुणसूत्रामुळे होणारा जन्मजात विकार) असलेले बाळ साधारण दीड हजारात एक जन्मते, पस्तिसाव्या वर्षी साधारण साडेतीनशेत एक, चाळिसाव्या वर्षी शंभराच्या आसपास एक. ‘पस्तिशीत धोका चौपटीहून अधिक’ हा मथळा खोटा नाही. ‘पस्तिशीतल्या साडेतीनशे आयांपैकी ३४९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो’ हाही खोटा नाही. पहिला मथळा वाचून पस्तिशीतली बाई रात्रभर जागते, दुसरा वाचून डॉक्टरांना नीट प्रश्न विचारते. दोन्ही आकडे शेजारी छापायला किती जागा लागते? एक ओळ.

याच आजाराने आणखी एक धडा दिला आहे. पूर्वी दिसायचे की पाचव्या-सहाव्या बाळांमध्ये डाउन सिंड्रोम जास्त. म्हणून बाळंतपणे वाढली की धोका वाढतो असा समज होता. १९३० च्या दशकात लायनेल पेनरोज या ब्रिटिश डॉक्टरांनी आईचे वय आणि बाळाचा क्रमांक हे दोन धागे वेगळे करून दाखवले. एकाच वयाच्या आयांची आपसात तुलना केली की क्रमांकाचा प्रभाव विरून जातो. सहाव्या बाळाची आई वयाने मोठी असते, एवढेच त्यामागे होते. रात्रीच्या दिव्यामागे आईबापांचा चष्मा लपला होता, इथे क्रमांकामागे वय. वार्ताहराने संशोधकाला एकच प्रश्न विचारावा: “यामागे तिसरे काही असू शकते का, आणि ते तुम्ही मोजले होते का?” त्याचे उत्तर द्यायला खरा संशोधक कधीच कंटाळत नाही. उलट खुर्ची पुढे ओढतो.

मुलांची संख्या मोठी म्हणजे अभ्यास खरा, हाही एक गैरसमज वार्तांकनात मुरला आहे. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी ऐन तारुण्यातल्या काही मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना योनिमार्गाचा असा कर्करोग होता, जो त्या वयात जवळजवळ कधीच दिसत नाही. रुग्ण मोजून आठ. प्रत्येकीमागे त्याच रुग्णालयात, त्याच आठवड्यात जन्मलेल्या चार मुली तुलनेला घेतल्या, म्हणजे बत्तीस. आठपैकी सातजणींच्या आयांनी गरोदरपणी डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे संप्रेरक घेतले होते, गर्भपात टळावा म्हणून डॉक्टरांनीच दिलेले. बत्तिसांपैकी एकीच्याही आईने ते घेतले नव्हते. आणि या औषधाची शंका प्रथम बोलून दाखवली होती ती एका रुग्ण मुलीच्या आईनेच. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदर स्त्रियांना हे औषध देऊ नये असे बजावले.

याच्या शेजारी १९९८ चा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला तो निबंध ठेवा, ज्याने गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचे नाव स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) जोडले. मुले बारा, म्हणजे बोस्टनपेक्षा चार जास्तच. पण तुलनेला एकही निरोगी मूल नव्हते. बारा मुलांना लस दिलेली होती यात नवल काय? त्या वयाच्या बहुतेक मुलांना दिलेलीच होती. २०१० मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला, तोवर बारा वर्षे गेली होती. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासून लसीमुळे स्वमग्नता वाढत नाही हे २०१९ मध्ये पुन्हा एकदा दाखवले गेले. त्याआधी २००२ मध्येही तिथेच पाच लाखांहून अधिक मुलांवर तेच दिसले होते. तरी लसीची भीती गेली का? आठ रुग्णांचा अभ्यास खरा ठरला आणि बारांचा टिकला नाही. फरक तुलनेला घेतलेल्या त्या बत्तीस मुलींचा आहे.

‘मग या बातम्या छापूच नयेत का?’ असे आपण विचाराल. नाही हो, छापा. न छापल्याने काय होते याचे उदाहरण वरच्या सगळ्या उदाहरणांहून वाईट आहे. तान्ह्या बाळांना पालथे निजवावे असा सल्ला पाश्चात्त्य देशांत कित्येक दशके दिला जात होता. पालथ्या निजलेल्या बाळांचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका जास्त असतो, हे तोवर झालेल्या अभ्यासांची बेरीज कोणी केली असती तर १९७० पर्यंतच कळले असते. बेरीज कोणी केली नाही. सल्ला १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालू राहिला. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये आणि अमेरिकेत १९९४ मध्ये बाळाला पाठीवर निजवा अशी मोहीम निघाली आणि अशा मृत्यूंची संख्या थोड्याच वर्षांत निम्म्याहून खाली आली. २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: वेळीच बेरीज झाली असती तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे मिळून किमान पन्नास हजार बाळे वाचू शकली असती. हे वाक्य लिहिताना हात थांबतो. त्या बाळांच्या आयांनी दिलेला सल्ला तंतोतंत पाळला होता.

म्हणजे माझी तक्रार बातम्या जास्त आहेत अशी नाही. बातमी एकट्या निबंधाची असते, आजवरच्या बेरजेची नसते, ही आहे. नव्या निबंधाची बातमी देताना याआधी काय दिसले होते, ते या निष्कर्षाशी जुळते की नाही, एवढे एका वाक्यात सांगता येते.

आणखी एक गोष्ट डाचते. आमच्या प्रश्नावलीत आईसाठी पानेच्या पाने होती: काय खाल्ले, काय घेतले, किती उचलले, किती झोपली. वडिलांसाठी शेवटी अर्धे पान होते आणि तेही बरेचदा आईच भरायची. हवेसाठी, पाण्यासाठी, घराच्या भिंतीच्या रंगासाठी तर त्याहून कमी. जे विचारलेच नाही ते जोखमीच्या यादीत कसे येणार? यादीत मग आईच येते. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७९ मध्ये कोणाच्याही आठवणीवर विसंबून न राहता पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दूधदात गोळा केले आणि त्यातले शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, ती मुले बुद्धिमापन चाचणीत मागे पडली होती आणि त्यांचे वर्गात लक्ष कमी असल्याचे शिक्षकांनी नोंदवले होते. शिक्षकांना दातांचा निकाल माहीत नव्हता. शिसे पेट्रोलमधून येत होते, रंगातून येत होते. ते आईने घातलेले नव्हते, आणि तिला एकटीला काढताही येणार नव्हते. सरकारांनी ते पेट्रोलमधून काढले. अमेरिकेत लोकांच्या रक्तातले शिशाचे सरासरी प्रमाण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९१ पर्यंत डेसिलिटरमागे १२.८ मायक्रोग्रॅमवरून २.८ वर आले. असे निष्कर्ष छापताना पोटावर हात ठेवलेल्या बाईचे चित्र चालत नाही, म्हणून ते कमी छापले जातात की काय, अशी मला शंका आहे.

जागेची अडचण आपण सांगालच, म्हणून १९९९ ची ती दिव्याची बातमी मी माझ्या परीने लिहून पाठवते: ‘फिलाडेल्फियाच्या एका नेत्रचिकित्सा विभागात आलेल्या ४७९ मुलांच्या पालकांना, मूल दोन वर्षांचे होईपर्यंत रात्री खोलीत किती उजेड असे, हे आठवून सांगायला सांगितले. अंधारात झोपलेल्या शंभरांपैकी १०, मंद दिव्यातल्या ३४ आणि पूर्ण उजेडातल्या ५५ मुलांना आज लघुदृष्टी आहे. पालकांना चष्मा आहे का, हे यात पाहिलेले नाही. अन्यत्र पडताळणी व्हायची आहे.’ चार वाक्ये. मथळा कसा द्यायचा, ते आपले उपसंपादक माझ्याहून चांगले जाणतात. फक्त पडताळणी झाली की ती बातमीही त्याच पानावर आणि तेवढ्याच टायपात यावी.

कळावे,
आपल्या दैनिकाची जुनी वाचक,
एक निवृत्त मुलाखतकार